कुरणातली भाऊबंदकी : उजेडासाठी आणि अन्नासाठी



मृगाचा पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की माळावर हिरवी झाक दिसू लागते आणि त्याच सुमारास एक प्रश्न हमखास विचारला जातो. "कुरणात युरिया टाकावा का?" प्रश्न साधा आहे आणि विचारणाराचं चुकतंय असंही नाही. ज्वारीला आपण युरिया देतो, उसाला देतो, मग बिचाऱ्या गवतानं काय घोडं मारलंय? पण या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात दिलं तर ते निम्म्या लोकांच्या बाबतीत खोटं ठरेल. कारण ज्वारीच्या रानात ज्वारी एकटी असते. बाकी जे उगवतं त्याला आपण तण म्हणतो आणि खुरपून टाकतो. कुरणाचं तसं नाही. तिथे पुष्कळ धनी एका सातबाऱ्यावर नांदत असतात, आणि आपण टाकलेलं खत त्या सगळ्यांना सारखं पोचत नाही. ते कोणाला पोचतं, कोणाला पोचत नाही आणि त्यातून पुढे काय घडतं, ते आज आपण पाहू.

प्रथम आपल्या माळावर कोण कोण राहतं ते बघा. श्रावणात कधी तरी जमिनीवर उकिडवे बसा आणि हातभर लांब, हातभर रुंद एवढी जागा नीट निरखा. बांधाकडेच्या खोल मातीत मारवेल दिसेल, मुरमाड उतारावर शेडा, पवन्या आणि डोंगरी गवत दिसेल, आणि जिथे जनावरांचा राबता जास्त आहे तिथे कुसळी. पायवाटेच्या कडेला हरळी जमिनीला चिकटून पसरलेली असेल. या सर्वांच्या बुडाशी बरबडा, शेवरा अशा शेंगवर्गातल्या बुटक्या वनस्पती सापडतील. गावोगावी नावं बदलतात, तुमच्याकडे आणखी काही म्हणत असतील. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी भारतातील गवताळ जमिनींची पाच गटांत मांडणी केली. त्यात आपलं दख्खनचं पठार शेडा आणि मारवेल यांच्या गटात येतं. म्हणजे हीच दोन घराणी इथली मूळ वतनदार म्हणायची. कुसळीचं राज्य दिसलं, की त्या वतनदारांवर काही तरी संकट आलं असं समजावं.

आता ही सगळी मंडळी एकमेकांशी भांडतात कशावरून? पाणी आहेच, पण पावसाळ्याच्या ऐन दिवसांत पाण्याची ओढ कमी असते. त्या वेळी भांडण दोन गोष्टींवरून चालतं. जमिनीखाली अन्नासाठी आणि जमिनीवर उजेडासाठी. ही दोन्ही भांडणं अगदी निराळ्या तऱ्हेची आहेत. ती निराळी का, हे एकदा ध्यानात आलं की कुरणाचं बाकीचं गणित आपोआप सुटू लागतं.

जमिनीखालचं भांडण सामाईक विहिरीसारखं आहे. चौघा भावांची एक विहीर आहे, प्रत्येकाचा आपापला पंप आहे. ज्याचा पंप मोठा तो जास्त पाणी ओढतो, लहान पंपवाला थोडं ओढतो. पण लहानालाही त्याच्या पंपापुरतं मिळतंच. मुळांचंही तसंच. मोठ्या ठोंबाची मुळं जास्त नत्र, जास्त स्फुरद खेचतात, बारक्या रोपाची थोडं खेचतात, पण दोघांचंही पोट त्यांच्या आकारमानाप्रमाणे भरतं.

उजेडाचं भांडण मात्र कालव्याच्या पाण्यासारखं आहे. पाणी एकाच बाजूनं येतं. शिरावरचा शेतकरी आधी दार उघडतो, त्याचं भागलं की उरलेलं खाली. टेलच्या शेतकऱ्याचा पंप मोठा असो की लहान, वरून पाणीच आलं नाही तर तो काय करणार? ऊनही असंच एका बाजूनं, वरून येतं. जे पान चार बोटं वर आहे ते आधी ऊन घेतं आणि खालच्याला सावली देतं. चार बोटांचा फरक, पण वरच्याला जवळजवळ सगळं आणि खालच्याला उरलंसुरलं. दाट, कमरेएवढ्या वाढलेल्या गवतात बुडाशी पोचणारा उजेड वरच्या उन्हाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असू शकतो. तिथे बुटक्या बरबड्यानं जगायचं कसं?

बरं, गवत हे काही मुकाट्यानं सोसत नाही. पानातून गाळून आलेल्या उजेडात तांबडा भाग कमी झालेला असतो. हा बदल गवताला कळतो. शेजारी अंगावर आला हे ओळखून ते फुटवे काढायचं थांबवतं आणि उंच जायला लागतं. तुम्ही पाहिलं असेल, दाट पेरलेल्या ज्वारीची ताटं काडीसारखी उंच होतात. कुरणातही तेच होतं. ठोंब अंगानं भरण्याऐवजी वर सटकतो आणि श्रावणसरीचा वारा आला की आडवा पडतो. शेडा, मारवेल ही उष्ण प्रदेशातली गवतं, भर दुपारच्या कडक उन्हाचाही ती उपयोग करून घेतात. त्यामुळे सावलीचा मार त्यांना जास्त बसतो. हरळीचं तर विचारूच नका. चराऊ वाटेवर, जिथे सगळं खुडलं जातं, तिथे ती राणी असते, कारण जमिनीला चिकटून असल्यानं ती जनावराच्या दाताखाली पुरती येत नाही. पण उसाच्या फडात पानांनी पानं मिळाली की तीच हरळी मागे हटते. विळा न लावता, औषध न मारता, नुसत्या सावलीनं.

आता जमिनीखाली येऊ. उन्हाळाभर तापलेल्या, कोरड्या मातीत पहिला पाऊस मुरला की मातीतले सूक्ष्म जीव एकदम कामाला लागतात आणि थोडक्या दिवसांत बरंच नत्र मोकळं होतं. पहिल्या पावसाचा मातीचा वास आपण घेतो, गवत मातीतलं नत्र घेतं. ज्या गवताची मुळं जिवंत आहेत, म्हणजे शेडा-मारवेलसारखी वर्षानुवर्षं टिकणारी गवतं, त्यांना हे घबाड आधी सापडतं. बियापासून उगवणाऱ्या हंगामी गवताला आणि तणाला आधी मूळ धरावं लागतं, मग जेवण. पण बहुवर्षी ठोंब खुरटले असतील, मेले असतील, तर तेच नत्र तणाच्या पदरात पडतं. गाजर गवत माळावर कुठे माजतं ते आठवून बघा. जिथे गवताचं आच्छादन चरून चरून उखडलेलं आहे तिथे. दाट मारवेलीच्या पट्ट्यात ते सहसा घुसत नाही.

गाजर गवतासाठी टाकळ्याचं किंवा तरोट्याचं बी टाका असा सल्ला दिला जातो, आणि पडीक जागी, रस्त्याकडेला तो चांगला आहे. कुरणात मात्र जपून. टाकळा गाजर गवताला सावलीत घेतो हे खरं, पण गुरं टाकळ्यालाही तोंड लावीत नाहीत. एक नको असलेला पाहुणा घालवायला दुसरा बोलावला, असं व्हायचं.

नापीक जमिनीत कोण जिंकतं याविषयी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सीडर क्रीक या ठिकाणी फार छान प्रयोग झाले. तिथली जमीन रेताड, नत्रानं अगदी गरीब. वेडिन आणि टिलमन या शास्त्रज्ञांनी निरनिराळी गवतं आधी एकेकटी वाढवली आणि प्रत्येक गवत मातीतलं नायट्रेट किती खाली आणतं ते मोजलं. मग तीच गवतं जोडीजोडीनं लावली. १९९३ साली त्यांनी निकाल छापला. ज्या गवतानं मातीतलं नायट्रेट सगळ्यांत खाली नेलं होतं, त्यानंच गरीब जमिनीत शेजाऱ्याला हटवलं. म्हणजे तिथे भरपूर खाणारा जिंकला नाही. जो कमीत कमी अन्नावर तग धरतो आणि दुसऱ्यासाठी ताटात काही ठेवत नाही, तो जिंकला. हे जिंकणारं गवत आपल्या मारवेलीच्या आणि शेड्याच्याच भाऊबंदकीतलं आहे, हे मुद्दाम सांगतो. आपली चांगली गवतं गरिबीत टिकणाऱ्या घराण्यातली आहेत.

याचा आणखी एक दाखला आपल्याच घरात आहे. सातारा जिल्ह्यातलं कासचं पठार. २०१२ साली पश्चिम घाटाची काही ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली, त्यात कास आहे. तिथे जांभ्या दगडावर बोट-दोन बोटं माती, आणि त्यात अन्न जवळजवळ नाही. म्हणूनच तिथे सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती दिसतात, ज्या किडे-मुंग्या पकडून आपली नत्राची गरज भागवतात. कासची फुलं बघायला जाणाऱ्याला वाटतं, केवढी सुपीक जमीन असेल ही! उलट आहे. जमीन गरीब म्हणून उंच गवताला तिथे पाय पसरता येत नाहीत, आणि उंच गवत नाही म्हणून या वीतभराच्या फुलांना ऊन मिळतं. त्या पठारावर कोणी पोतंभर युरिया फेकला तर फुलं वाढायची नाहीत, ती मरतील.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. कुरणात युरिया पडला म्हणजे काय घडतं? जमिनीखालचं भांडण मिटतं. नत्र सगळ्यांना पुरून उरतं. मग सगळे सुखी व्हायला हवेत, नाही का? पण होतं असं की ज्या जाती उंच जाऊ शकतात त्या झपाट्यानं वर जातात, पानांचं छप्पर घालतात, आणि भांडण खालून उठून वर येतं. सामाईक विहिरीचा तंटा मिटला आणि कालव्याचा सुरू झाला. आणि कालव्याच्या तंट्यात टेलवाल्याला काहीच मिळत नाही, हे आपण आत्ताच पाहिलं.

याचा जगातला सर्वांत जुना पुरावा इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे आहे. लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८५६ साली, म्हणजे आपल्याकडे अठराशे सत्तावनचं बंड व्हायच्या आदल्या वर्षी, एका गवताच्या रानाचे वाफे पाडले आणि प्रत्येक वाफ्याला वेगळं खत सुरू केलं. कोणत्या खतानं वाळलेलं गवत जास्त मिळतं एवढंच त्यांना पाहायचं होतं. तो प्रयोग आजही चालू आहे. गवताचं वजन खतानं वाढलं, यात शंका नाही. पण थोड्याच वर्षांत वाफे एकमेकांपासून इतके वेगळे दिसू लागले, की एकाच रानाचे तुकडे आहेत हे ओळखू येईना. ज्याला काहीच खत दिलं नाही त्या वाफ्यात आजही चाळीसच्या आसपास जाती नांदतात. वर्षानुवर्षं भरपूर अमोनियम सल्फेट मिळालेल्या वाफ्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जाती राहिल्या. तिथे नत्राबरोबर जमीन आंबट झाल्याचाही दोष आहे, हे सांगायला हवं. पण जिथे जमीन आंबट न करणारं नत्र दिलं, तिथेही जाती घटल्याच. आणि जिथे नत्र न देता स्फुरद आणि पालाश दिलं, तिथे शेंगवर्गातल्या वनस्पती वाढल्या. ही शेवटची गोष्ट गाठीशी बांधून ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

तुम्ही म्हणाल, जाती घटल्या त्या सावलीमुळेच कशावरून? शंका रास्त आहे. पुष्कळ वर्षं शास्त्रज्ञांतही हा वाद होता. २००९ साली झुरिक विद्यापीठातल्या ऑतिए, निक्लाउस आणि हेक्टर यांनी त्याचा छडा लावला. त्यांनी कुरणातल्या वनस्पती पेट्यांत वाढवल्या, काहींना खत दिलं, आणि खत दिलेल्यांपैकी काही पेट्यांत गवताच्या बुडाशी विजेच्या नळ्या बसवून खालच्या झाडांना उजेड पोचवला. खत दिलं आणि उजेड दिला नाही, तिथे जाती नाहीशा झाल्या. खत दिलं आणि बुडाशी उजेडही दिला, तिथे जाती टिकल्या. पुढे २०२२ साली जर्मनीत उघड्या कुरणावर असाच प्रयोग झाला. तिथे दिव्यांच्या जोडीला मेंढ्याही होत्या. मेंढ्यांनी उंच गवत खाल्लं की खालपर्यंत उजेड पोचतो आणि बुटक्या जाती वाचतात, हे त्यात दिसलं. म्हणजे विजेच्या दिव्याचं काम मेंढीचं तोंड करतं. आपल्या धनगर बांधवांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नसती. पण मोजून सिद्ध झालं हे बरं झालं, कारण मेंढरू दिसलं की कुरणाचा नाश झाला असं मानणारे अजून पुष्कळ आहेत. नाश मेंढरानं होत नाही, मेंढरू एकाच जागी बारमाही ठेवल्यानं होतो.

जाती घटल्या तर घटू देत, पेंढ्या वाढल्या ना, असं कोणी म्हणेल. कुरणाचा लिलाव घेणारा पेंढ्याच मोजतो. पण ज्याच्या गोठ्यात जनावरं बांधलेली आहेत त्यानं असं म्हणू नये. दोन कारणं सांगतो.

पहिलं, सावलीत आधी जातात त्या शेंगवर्गातल्या बुटक्या वनस्पती. चाऱ्यातली प्रथिनं मुख्यतः त्यांच्यात. फुलोऱ्यातल्या गवतात साधारण सहा-सात टक्के प्रथिनं असतात, तेच गवत पिकून पिवळं झालं की तीन-चार टक्क्यांवर येतं. अशा गवतानं जनावराचं पोट भरतं, पण दूध नाही आणि अंगही धरत नाही. बुडाशी बरबडा-शेवरा असेल तर ही उणीव थोडी भरून निघते. शिवाय याच वनस्पती हवेतलं नत्र मातीत आणतात. म्हणजे विकतच्या नत्रापायी आपण फुकटचं नत्र घालवतो.

दुसरं कारण दुष्काळाचं. सीडर क्रीकला १९८८ साली मोठा दुष्काळ पडला. तिथल्या प्रयोगाच्या वाफ्यांत, नत्र घालून ज्यांच्या जाती कमी झाल्या होत्या त्यांचं उत्पन्न फार खाली कोसळलं, आणि ज्यांत जाती जास्त होत्या ते वाफे त्या मानानं सावरले. टिलमन आणि डाउनिंग यांनी हे १९९४ साली मांडलं. एकाला पाणी सोसत नाही, दुसऱ्याला ताण सोसतो, तिसरा उशिरा आलेल्या पावसावर फुटतो. असे चार जण असले की सगळं घर एकदम बसत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना आणि २०१३ व २०१९ च्या उन्हाळ्यात चारा छावणीत जनावरांजवळ रात्री काढल्या त्यांना, हे जास्त समजावून सांगायला नको. पेंढ्यांचा आकडा चांगल्या वर्षी बघायचा नसतो.

एक सावधगिरी. रोथॅमस्टेडला थंड हवा आहे, पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो. आपल्याकडे चार महिन्यांत सगळा खेळ आटोपतो आणि मुरमाड माळावर मध्येच पावसानं डोळे वटारले की युरिया दिला काय, न दिला काय, सारखंच. म्हणून तिकडचे आकडे इकडे लावू नका. वाऱ्याची दिशा मात्र दोन्हीकडे एकच आहे.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. ज्या कुरणात अनेक जाती नांदतात त्या मुरमाड, कोरडवाहू कुरणात युरिया टाकू नये. युरिया टाकायचाच असेल तर विहिरीजवळच्या तुकड्यात टाका, जिथे तुम्ही मारवेल किंवा संकरित नेपिअर मुद्दाम एकटं लावलं आहे आणि जिथे दीड-दोन महिन्यांनी विळा फिरतो. तिथे ते पीक आहे, त्याला पिकाचा न्याय लावा.

पण कुरणाला काहीच द्यायचं नाही, असंही मी म्हणत नाही. हिशेब करा. एक टन वाळलेलं गवत कापून नेलं तर त्याबरोबर साधारण नऊ-दहा किलो नत्र जातं, म्हणजे वीस किलो युरियाइतकं. पालाशही तितकंच किंवा थोडं जास्त जातं, आणि स्फुरद दोन-तीन किलो. जे गवत तिथेच चरलं जातं त्यातलं पुष्कळ शेणामुतातून परत येतं, पण जे गाडीत भरून गावात येतं त्याचं शेण तुमच्या उसाला जातं. कुरण दरवर्षी देतं आणि कोणी त्याला परत देत नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी पाऊस सुरू होताना एकरी शंभर किलो सिंगल सुपर फॉस्फेट द्यावं. शक्य असेल तर कुजलेलं शेणखतही पसरावं. स्फुरदानं शेंगवर्ग उठतो, आणि नत्राचं काम तो करतो.

शेंगवर्ग उरलाच नसेल तर स्टायलो आणावा. त्याचं बी टणक कवचाचं असतं, तसंच टाकलं तर पुष्कळसं उगवत नाही. तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं पाणी मिसळा, त्यात बी तीन-चार मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात टाका आणि सावलीत सुकवा. पाणी नुसतं उकळतं घेऊ नका, बी शिजेल. गवतात मिसळायचं असेल तर एकरी दोन किलो बी पुरे. पहिल्या पावसात, ठोंबांच्या मधली माती दाताळ्यानं ओरखडून बी फेका. बी बारीक असतं, खोल गाडू नका. आता खरी मेख ऐका. पहिल्या वर्षी स्टायलो फार सावकाश वाढतो आणि याच वेळी गवत त्याच्या डोक्यावर छप्पर घालतं. पुष्कळ लोक म्हणतात, स्टायलो टाकला पण आला नाही. आलेला असतो, अंधारात मेलेला असतो. म्हणून त्या वर्षी श्रावणाच्या सुमारास वरचं गवत एकदा उंचावरून, वीतभर ठेवून कापा, किंवा दोन-चार दिवस गुरं घालून हलकं चारून घ्या. रोपाला ऊन दिसलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी तो आपलं बघून घेतो.

चराईविषयी थोडं. पावसाळ्याच्या सुरुवातीला ठोंबातून कोवळा कोंब निघतो तो गेल्या वर्षी मुळात आणि बुडख्यात साठवलेल्या शिदोरीवर. तो कोंब लगेच जनावरानं खाल्ला तर शिदोरी संपते, मुळं आखडतात आणि खालच्या भांडणात हा ठोंब हरतो. मग त्याच्या वाट्याचं अन्न कुसळीकडे आणि पुढे पुढे नुसत्या हंगामी गवताकडे जातं. शेडा-मारवेलीचं कुरण कुसळीचं होतं ते याच पायरीनं. तेव्हा पहिले सहा-आठ आठवडे कुरणाला हात लावू नये, हे उत्तम. पण ज्याच्याजवळ एकरभरही रान नाही, चार शेळ्यांवर ज्याचं घर चालतं, त्याला "आठ आठवडे थांब" म्हणून सांगणं सोपं नाही. त्या शेळ्या शेवटी रात्री कुरणात शिरतातच, हेही आपण जाणतो. यासाठी गावानं कुरणाचे चार भाग करावेत. एक भाग पहिल्या पावसापासून चराईला मोकळा, तीन बंद. पुढच्या वर्षी मोकळा भाग बदलायचा. प्रत्येक भागाला चार वर्षांतून एकदाच मार बसतो आणि तीन वर्षं त्याला सावरायला मिळतात. हे ठरवताना शेळीवाल्यांना आणि मेंढीवाल्यांना बैठकीला बोलवा. त्यांच्या गैरहजेरीत ठरलेलं कुंपण टिकत नाही.

मात्र वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलेलं कुरणही चांगलं नसतं. जुनं, वाळलेलं गवत उभंच राहतं, नव्या फुटव्यांना सावली करतं आणि ठोंब मधून पोकळ होत जातो. याला उपाय म्हणून काडी लावायची सवय काही ठिकाणी आहे. आगीनं उजेड मिळतो खरा, पण गवतातलं नत्र धुरावाटे निघून जातं, आणि आग कुसळीच्या पथ्यावर पडते. ती जाळानंतर जोमानं येते. काडीपेक्षा विळा बरा.

कापणी फुलोऱ्यात करावी, कुसळं भरण्याआधी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती वेळ भाद्रपद-आश्विनात येते. लिलावाच्या तारखेसाठी गवत दिवाळीपर्यंत उभं ठेवलं तर पेंढी जड भरते, पण त्यात काडीच जास्त असते, आणि कुसळं जनावराच्या तोंडात टोचतात ती वेगळीच. कापताना विळा जमिनीलगत घालू नका, चार ते सहा बोटं बुडखा ठेवा. शिदोरी तिथेच असते. आणि दर तीन पट्ट्यांनंतर एक पट्टा बी झडेपर्यंत उभा ठेवा.

झाडांचं विचाराल, तर कुरणात झाडं जरूर हवीत. जनावराला सावली हवीच असते. पण हिवरासारखं विरळ पानाचं झाड आणि दाटीवाटीनं लावलेली गिरिपुष्पाची किंवा सुबाभळीची रांग यात फरक आहे. हिवराखाली गवत येतं, दाट रांगेखाली माती उघडी पडते. चांगल्या कुरणावर खड्डे खणून घनदाट झाडी लावणं म्हणजे कुरण मोडणं होय, मग त्याला नाव काहीही द्या.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका, स्वतः बघा. या पावसाळ्यात कुरणाच्या एकसारख्या भागात एकेक गुंठ्याचे तीन तुकडे दगड रोवून आखा. एकाला काही देऊ नका. दुसऱ्याला पाऊस चांगला लागल्यावर एक किलो युरिया द्या. तिसऱ्याला पावसाच्या तोंडी अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट. तिन्ही तुकड्यांत गुरं जाणार नाहीत एवढं बघा. श्रावणात प्रत्येक तुकड्यात ठोंब बाजूला सारून बुडाशी किती उजेड पोचतो ते पाहा आणि हातभर जागेत किती तऱ्हेची पानं दिसतात ती मोजा. नावं येत नसली तरी चालेल, वेगवेगळी पानं वहीत दाबून ठेवा. कापणीला तिन्हींचं गवत वेगळं वाळवून वजन करा आणि गव्हाणीत शेजारी शेजारी टाकून गाय आधी कोणत्या पेंढीकडे जाते तेही टिपून ठेवा. एका वर्षात फार फरक पडणार नाही, म्हणून दगड उपटू नका. तेच तुकडे, तेच खत, तीन पावसाळे चालू द्या, आणि वही पोराबाळांपैकी ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याच्या हाती सोपवा.